निषेधाची ड्युटी : 'फादर टेड'मधलं दोन पाट्यांचं प्रकरण

एका आडबाजूच्या बेटावर छोट्याशा थिएटरात एक सिनेमा लागतो. सिनेमा कुणा संत टिब्युलसवर आहे, पण त्यात संतपणापेक्षा चावटपणाच जास्त अशी ओरड आहे. पोपनी तो निषिद्ध ठरवलाय, तरी कुठल्याशा पळवाटेमुळे नेमका याच बेटावर तो दाखवता येतो. बिशपसाहेब लालबुंद होऊन येतात आणि तिथल्या फादरना फर्मावतात : जा, निषेध करा. फादर जातात, निषेध करतात. सिनेमा धो धो चालतो.

प्रकरण एवढंच. ५ मे १९९५ रोजी ब्रिटनच्या चॅनल फोरवर ते पहिल्यांदा दिसलं. 'फादर टेड' या मालिकेच्या पहिल्या पर्वातला हा तिसरा भाग, जेमतेम पंचवीस मिनिटांचा. मालिकेचे एकूण भाग पंचवीसच, आणि त्यात याहून जास्त हसवणारे चार-पाच तरी निघतील. तरी अभ्यासाला हाच घ्यावा, कारण या मालिकेचं यंत्र कसं चालतं ते इथे झाकण उघडून दिसतं. धर्माची टर उडवणारी मालिका अशी तिची ख्याती आहे. मला ते कधी पटलं नाही. हा भाग नीट बघा : एक फादर, एक मठ्ठ फादर, एक बिशप आणि त्यांच्या पार वर कुठेतरी पोप अशी भावना दुखावल्याची अख्खी साखळी आहे, आणि जी माणसं आपल्याला पडद्यावर दिसतात त्यांतल्या एकाचीही भावना खरोखर दुखावलेली नाही.

आधी मंडळींची ओळख

क्रॅगी आयलंड हे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडचं काल्पनिक बेट. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत आकाशातून दिसतं ते बेट मात्र खरं, अ‍ॅरन बेटांपैकी सगळ्यात धाकटं इनिशीर. किनाऱ्यावरचं गंजलेलं जहाजही खरं. त्याचं नाव 'प्लासी', आणि ते १९६० साली तिथल्या खडकांवर चढलं. (हो, पलाशीच्या लढाईतलंच नाव. क्लाइव्हला मिळालेली सरदारकी आयरिश होती आणि जहाज होतं लिमरिकच्या कंपनीचं.) फादर लोकांचं घर म्हणून दाखवलेली वास्तू क्लेअर परगण्यातली. आतले प्रसंग लंडनच्या स्टुडिओत, समोर प्रेक्षक बसवून चित्रित झालेले.

या घरात तीन फादर राहतात आणि तिघांचीही बदली शिक्षेची आहे. आपल्याकडे साहेबाच्या मनातून उतरलेल्याला 'गडचिरोलीला टाकतो' अशी धमकी मिळते, तसं इथल्या धर्मप्रांतात क्रॅगी आयलंड. टेड क्रिलीनं एका आजारी मुलाला लूर्दच्या तीर्थयात्रेला पाठवायचे पैसे उचलले आणि स्वतः लास वेगासला जाऊन आला. त्याचं म्हणणं ठरलेलं : पैसे माझ्या खात्यात फक्त विसावले होते. डूगल मॅग्वायर हा तरुण फादर कुठल्याशा ब्लॅकरॉक प्रकरणामुळे आलाय. त्यात पुष्कळ नन्सच्या आयुष्याचं वाटोळं झालं, एवढंच कळतं. म्हातारा जॅक हॅकेट दारू, शिव्या आणि बायका यांपलीकडे फार बोलत नाही. त्यानं अ‍ॅथलोनच्या एका लग्नात काहीतरी केलंय. घर सांभाळायला मिसेस डॉयल आहेत आणि त्यांचा चहा आहे. त्या चहाला नाही म्हणायची सोय नाही.

या तिघांवर बिशप लेन ब्रेनन. उंच, तोंडाळ, घाईतला माणूस. जिम नॉर्टन या नटानं तो असा उभा केलाय की तो दारात दिसताच टेडचे खांदे आपोआप पडतात. डूगल मात्र त्याला बिनदिक्कत 'लेन' म्हणून हाक मारतो. मुद्दाम नव्हे. समोरचा मोठा आहे, त्याच्याशी मोठ्यासारखं बोलायचं असतं, हे डूगलच्या डोक्यात शिरतच नाही. तो बिशपना त्यांच्या मुलाबद्दलही विचारतो. कॅथलिक बिशपला मूल नसतं, नसायला हवं. टेड घाईघाईनं विषय बदलतो. पुढचा सगळा डाव या एका वाक्यात आधीच मांडून ठेवलाय.

हुकूम

ब्रेननचा संताप ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. सिनेमात काय आहे, त्यानं लोकांचं काय नुकसान होईल, याबद्दल तो फारसं बोलत नाही. त्याची तक्रार अशी की बंदी आहे आणि ती माझ्या हद्दीत मोडली जातेय. वरून विचारणा झाली तर 'आम्ही निषेध केला' असं दाखवता आलं पाहिजे. हे काम त्यानं कुणावर सोपवावं? ज्या तिघांना त्यानं स्वतःच नालायक ठरवून या खडकावर आणून टाकलंय, त्यांच्यावर. हुकूम देता देता तो त्यांच्या जुन्या भानगडींचा पाढाही वाचतो. म्हणजे निषेध ही त्यांच्यासाठी श्रद्धेची गोष्ट उरतच नाही, ती शिक्षेतलीच पुढची पायरी होते.

टेडपुढे तीन रस्ते होते. एक, नाही म्हणायचं. पण धर्मप्रांताचा फादर दीक्षेच्या वेळी बिशपच्या हातात हात देऊन आज्ञा पाळण्याचं वचन देतो, आणि टेडच्या बाबतीत त्या वचनाखाली खात्यात विसावलेल्या पैशांची फाइलही दबलेली आहे. दोन, मनापासून पेटून उठायचं. त्याला आधी मनात काही पेटावं लागतं. टेड हा वाईट माणूस नाही, नास्तिकही नाही. त्याला फक्त थोडं नाव, थोडे पैसे आणि या बेटावरून सुटका हवी आहे. राहता राहिला तिसरा रस्ता, जो जगातल्या प्रत्येक कचेरीत वापरला जातो : केल्यासारखं करायचं.

लेखक ग्रॅहम लिनेहन आणि आर्थर मॅथ्यूज यांची हुशारी मला इथे दिसते. टेडला माथेफिरू केला असता तर ती नुसती टवाळी झाली असती. त्याला सिनेमाच्या बाजूनं उभा करून बिशपशी भांडायला लावलं असतं तर तो नायक झाला असता, आणि नायकावर हसता येत नाही. त्यांनी त्याला फक्त ड्युटीवर पाठवला.

पाट्या

थिएटरबाहेर दोघं उभे राहतात. काळे कोट, पांढरी कॉलर, हातात एकेक पाटी. टेडच्या पाटीवर लिहिलंय : 'डाउन विथ धिस सॉर्ट ऑफ थिंग'. असल्या प्रकारांचा धिक्कार असो. डूगलच्या पाटीवर : 'केअरफुल नाऊ'. जरा जपून.

मजकूर हाच विनोद आहे, तेव्हा इथे थोडं थांबू. टेडच्या पाटीत 'असले' म्हणजे कसले, ते नाही. सिनेमाचं नाव नाही, संताचं नाही, पाप-पुण्य नाही, मागणी नाही. हीच पाटी उद्या रस्त्यावरच्या खड्ड्यांविरुद्ध धरली तरी चालेल, परवा लग्नातल्या बँडविरुद्धही. ज्याला 'काहीतरी लिही' असं सांगितलंय आणि ज्याला त्या काहीतरीची जबाबदारी घ्यायची नाही, अशा माणसाचं हे लिखाण. सरकारी पत्रं ज्यानं लिहिली किंवा वाचली आहेत त्याला ही शैली अनोळखी वाटणार नाही.

डूगलच्या पाटीत तर निषेधसुद्धा नाही. ती ओल्या फरशीशेजारी शोभली असती. कुणी जपायचं? प्रेक्षकांनी? सिनेमातल्या संतानं? की पाट्या घेऊन उभ्या असलेल्या या दोघांनीच? पाटी काही सांगत नाही आणि डूगलला प्रश्न पडत नाही. त्यात दोघं या ओळी घोषणा म्हणून म्हणतात, आळीपाळीनं, पेंगुळलेल्या आवाजात. घोषणेला लागणारा ताल त्या शब्दांत नाहीच, त्यामुळे प्रत्येक वेळी ती रस्त्यावर पडून विझते.

दोन नटांचे चेहरे बघण्यासारखे आहेत. टेड झालेला डर्मट मॉर्गन असा उभा राहतो की कुणी ओळखीचं दिसू नये. पाटी हातात आहे पण ती आपली नाही, शेजाऱ्याची जरा वेळ धरली आहे, असं त्याचं अंग सांगतं. आर्डल ओ'हॅनलनचा डूगल मात्र खूश आहे. बाहेर आलोय, हातात पाटी आहे, दिवस मजेत चाललाय. या निषेधात मनापासून सामील असलेला तोच एक, आणि निषेध कशाचा हे नेमकं त्यालाच ठाऊक नाही.

निकाल

पाट्या बघून लोकांना कळतं की आत बघण्यासारखं काहीतरी आहे. गर्दी वाढत जाते, लांबलांबून माणसं येतात, आणि त्या बेटावर आजवर सगळ्यात जास्त चाललेला सिनेमा तो ठरतो. ब्रेनन परत येतो, याचं खापर टेडवर फोडतो आणि तिघांना आणखी दूर धाडायचं ठरवतो. मग टेडला मुलाचा विषय पुन्हा काढावा लागतो, या वेळी पुराव्यासकट : कॅलिफोर्नियातल्या सुट्टीची एक टेप, त्यात बिशप, एक बाई आणि एक मुलगा. बदली रद्द.

सिनेमाच्या नीतीचा प्रश्न कुठल्या कुठे गेला, हे बघा. सुरुवात झाली धर्मनिंदेपासून आणि मिटलं ते दोन सहकाऱ्यांच्या एकमेकांवरच्या फायलींनी. सिनेमा चांगला होता की वाईट, यावर अखेरपर्यंत कुणाला काही म्हणायचंच नव्हतं.

हे हवेतून आलेलं नाही

आयर्लंडमध्ये त्या काळी हा भाग बघणाऱ्याला ती टेप काल्पनिक वाटणं कठीण होतं. मे १९९२ मध्ये गॉलवेचे बिशप एमन केसी यांनी राजीनामा दिला. अ‍ॅनी मर्फी या अमेरिकन बाईंपासून त्यांना १९७४ साली मुलगा झाला होता आणि तिला देण्यासाठी धर्मप्रांताच्या निधीतून सुमारे सत्तर हजार पौंड काढले गेले होते, हे बाहेर आलं. केसी मिशनरी म्हणून इक्वेडोरला गेले. (त्यांच्यावर याहून कितीतरी गंभीर आरोप पुढे झाले, तो विषय वेगळा.) पाठोपाठ रेडिओ-टीव्हीवर गाजलेले फादर मायकल क्लिअरी वारले आणि त्यांनाही घर सांभाळणाऱ्या बाईपासून मुलं असल्याचं उघड झालं. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे गॉलवेला आले, तेव्हा व्यासपीठावरून तरुणांच्या गर्दीला खुलवण्याचं काम याच दोघांनी केलं होतं. ब्रेननचा मुलगा आणि टेडचे विसावलेले पैसे, म्हणजे एकाच बातमीचे दोन तुकडे दोन पात्रांत वाटून दिल्यासारखे.

निषेधानं गर्दी वाढते, हाही आयर्लंडचा जुना अनुभव. ऑक्टोबर १९५५ मध्ये डब्लिनच्या डेलीमाउंट पार्कवर युगोस्लाव्हियाशी फुटबॉलचा सामना ठरला. तिकडच्या कम्युनिस्ट सरकारनं कार्डिनल स्टेपिनात्स यांना कैदेत टाकलेलं, म्हणून डब्लिनचे आर्चबिशप मॅक्वेड यांनी सामन्याला विरोध केला. राष्ट्राध्यक्ष फिरकले नाहीत, रेडिओच्या समालोचकानं अंग काढून घेतलं. सामान्य माणसं मात्र गेली, एकवीस हजारांच्या वर. ती काही कम्युनिस्ट नव्हती, यातली बरीचशी रविवारी चर्चला जाणारीच असणार. आयर्लंड ४-१ नं हरलं, पण मॅक्वेड त्याहून मोठ्या फरकानं हरले असं मला वाटतं.

सिनेमाचं म्हणाल तर येशूच्या काळात घडणारा 'लाइफ ऑफ ब्रायन' हा विनोदी सिनेमा आयर्लंडमध्ये १९८७ पर्यंत दाखवता येत नव्हता. नॉर्वेतही त्यावर काही काळ बंदी होती, तेव्हा शेजारच्या स्वीडनमध्ये जाहिरात झाली ती अशी : इतका विनोदी की नॉर्वेनं बंदी घातली! क्रॅगी आयलंडच्या थिएटरवाल्याला जाहिरातीचा तेवढाही खर्च पडला नाही.

एक गोष्ट मालिकेनं टाळली, आणि आज बघताना ती जाणवते. १९९४ साली ब्रेंडन स्मिथ या धर्मगुरूला मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी बेलफास्टच्या न्यायालयात शिक्षा झाली, आणि त्याच्या प्रत्यार्पणाला झालेल्या दिरंगाईवरून नोव्हेंबरात डब्लिनचं सरकार कोसळलं. पुढे २००९ च्या दोन चौकशी अहवालांनी या सगळ्याची व्याप्ती मांडली. गुन्हा केलेल्या फादरला पोलिसांकडे न देता मुकाट्यानं दुसऱ्या गावी हलवायचं, ही पद्धत त्यांतून समोर आली. आता ब्रेनन ज्या सुरात 'ब्लॅकरॉक' म्हणतो आणि पुढचं कुणी सांगत नाही, तो सूर पुन्हा ऐका. लेखकांना त्यात फक्त विनोद हवा होता, आणि न सांगितल्यामुळेच तो विनोद आहे. तरी हसू थोडं अडखळतं. हा मालिकेचा दोष नव्हे, पण अडखळतं हे खरं.

लंडनहून का?

आयरिश सरकारी वाहिनी आरटीईनं ही मालिका नाकारली, अशी एक लाडकी दंतकथा आहे. मुळात ती आरटीईकडे नेलीच नव्हती. लिनेहन आणि मॅथ्यूज डब्लिनच्या 'हॉट प्रेस' या संगीत-नियतकालिकातले, नंतर लंडनला गेलेले. टेड हे पात्र मॅथ्यूज रंगमंचावर करून दाखवत असे. दोघांच्या डोक्यात होता एक बनावट माहितीपट. त्याची विनोदी मालिका करा, हा सल्ला निर्माते जेफ्री पर्किन्स यांचा. तो मोलाचा ठरला. माहितीपटात कॅमेरा पात्रांकडे बाहेरून बघतो, इथे आपण त्यांच्या बैठकीच्या खोलीत कोंडले जातो.

मॉर्गनसाठी पांढरी कॉलर नवी नव्हती. आरटीईवर त्यानं 'फादर ट्रेंडी' नावाचा, तरुणांत मिसळायला धडपडणारा फादर फार आधी रंगवला होता. नंतरचा त्याचा राजकीय टिंगलीचा रेडिओ कार्यक्रम 'स्क्रॅप सॅटरडे' १९९१ मध्ये बंद झाला आणि त्याची सल त्याला राहिली. वरच्याच्या मर्जीवर चालणाऱ्या नोकरीत मिंधं होऊन उभं राहणं म्हणजे काय, हे या नटाला शिकवायची गरज नसावी.

पाट्या पुढे कुठे गेल्या

त्या दोन पाट्या मालिकेतून निसटल्या आणि खऱ्या मोर्चांत शिरल्या. २०१० साली पोप बेनेडिक्ट ब्रिटनला आले तेव्हा विरोधात निघालेल्या लोकांनी त्या धरल्या. त्यानंतरही ब्रिटन-आयर्लंडमध्ये निदर्शनं कशाचीही असोत, एखादी 'असल्या प्रकारांचा धिक्कार' दिसतेच. एका अर्थी टेडनं ती कुठल्याही कामी यावी अशीच लिहिली होती. फरक असा की आता ती धरणाऱ्यांचा मुद्दा पक्का असतो, त्यांना फक्त आपण फार गंभीर दिसू नये एवढं हवं असतं. इनिश मोर बेटावर २००७ पासून मालिकेच्या चाहत्यांचा मेळावा भरतो. फादर आणि नन्सच्या वेशातली माणसं तिथे पाट्या घेऊन फिरतात.

ब्रेनन आणि टेडचा हिशोब मात्र पहिल्या पर्वात मिटला नाही. १७ एप्रिल १९९८ च्या भागात तो पुन्हा निघतो. शेजारच्या बेटावरच्या फादरशी लावलेल्या पैजेत टेडची लबाडी पकडली जाते, आणि शिक्षा अशी की त्यानं बिशपच्या पार्श्वभागावर लाथ घालायची. टेड घालतो. आणि मग शांतपणे असं वागतो की जणू काही झालंच नाही. ब्रेनन गोंधळून निघून जातो. टेडसारखा माणूस आपल्याला लाथ मारेल ही गोष्टच त्याच्या डोक्यात बसत नाही. ज्याला पाटीवर धड एक वाक्य लिहायची हिंमत झाली नाही, तो हाच की! रोमला पोहोचून पोपसमोर उभा असताना कुठे ब्रेननच्या डोक्यात प्रकाश पडतो.

तो परत येतो. टेड साफ नाकारतो, ब्रेननला पटतंही. पण पैजेचा पुरावा म्हणून लाथेचा फोटो काढायचा होता, आणि त्याची प्रत दहा बाय दहाची मागवली होती. इंच, असं टेडला म्हणायचं होतं. बिशप दाराबाहेर पडतो तेव्हा समोर दहा फूट बाय दहा फूट फोटो उभा असतो, आणि या वेळी मजकुरात संदिग्ध असं काहीच नसतं.